ब्लड कल्चर पॉझिटिव्ह आलं, पण खरं इन्फेक्शन की काँटॅमिनेशन? कसं ठरवायचं

लॅबमधून फोन येतो, अमुक पेशंटचं ब्लड कल्चर (रक्त बाटलीत ठेवून त्यातले जंतू वाढवायची तपासणी) पॉझिटिव्ह आहे, ग्रॅम पॉझिटिव्ह कोकाय (गोल जंतू) क्लस्टरमधे म्हणजे घोसात दिसतायत, आणि फोन ठेवल्या ठेवल्या केसपेपरवर व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक चढतं. बऱ्याचदा तो जंतू पेशंटच्या रक्तातला नसतोच, सुई ज्या कातडीतून आत गेली त्या कातडीवरचा असतो, हेच काँटॅमिनेशन. आणि कधी कधी नेमकं उलटं होतं, "स्किनचाच आहे, सोडा" म्हणून जो सोडला तो हृदयाच्या कृत्रिम व्हॉल्व्हवर ठाण मांडून बसलेला निघतो. पहिल्या चुकीत पेशंटला नको ते औषध, किडनीवर ताण, हॉस्पिटलमधे जास्तीचे दिवस, चांगली चाललेली सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत बसवलेली नळी) उगाच काढणं. दुसऱ्या चुकीत जीव जाऊ शकतो. म्हणून हा विषय नीट समजून घ्या, विशेषतः जे नवीन रेसिडेंट आणि सिस्टर-ब्रदर रात्रीच्या ड्युटीला एकटे असतात त्यांनी.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो. रिपोर्टवर जंतूचं नाव असतं, निदान नसतं. निदान करायला चार गोष्टी एकत्र बघाव्या लागतात: जंतू कोणता, तो किती वेगवेगळ्या प्रिकमधून (वेगवेगळ्या वेळा सुई टोचून घेतलेल्या रक्तातून) आला, किती तासांनी वाढला, आणि पेशंट कोण आहे व आत्ता कसा आहे. यातली दुसरी गोष्ट सगळ्यात जास्त कामाची आहे आणि ती कल्चर काढतानाच ठरून गेलेली असते, नंतर कितीही डोकं लावलं तरी ती परत मिळत नाही.

आधी कल्चर काढायचं कसं ते बघू

एक सेट म्हणजे एका प्रिकमधून काढलेलं रक्त, साधारण एक एरोबिक (हवेत वाढणाऱ्या जंतूंसाठी) आणि हवेशिवाय वाढणाऱ्यांसाठी एक अ‍ॅनएरोबिक बॉटल. मोठ्या माणसात प्रत्येक बॉटलमधे ८ ते १० मिली, म्हणजे एका सेटला २० मिलीच्या आसपास. दोन सेट म्हणजे दोन वेगळ्या जागी दोन वेगळे प्रिक. एकाच प्रिकमधून ४० मिली काढून चार बॉटलमधे भरलं तर चार बॉटल भरल्या खऱ्या, पण आपल्या कामापुरता तो एकच सेट, कारण सुईबरोबर कातडीवरचा जंतू आत गेला असेल तर तो चारही बॉटलमधे जाऊ शकतो. हे लोकांना पटकन लक्षात येत नाही, "चारपैकी दोन बॉटल पॉझिटिव्ह" ऐकलं की वाटतं दोनदा आलं. दोनदा आलं का हे बॉटल मोजून कळत नाही, प्रिक मोजून कळतं. कॉन्सच्या बाबतीत तर, म्हणजे कातडीवर राहणारे कोअ‍ॅग्युलेज निगेटिव्ह स्टॅफ, एकाच सेटमधल्या एक बॉटल पॉझिटिव्ह की दोन्ही यावरून खरं-खोटं ठरवणं भरवशाचं नाही हे अभ्यासात तपासून झालंय.

आकड्यात बघा म्हणजे पटेल. समजा तुमच्या वॉर्डात १०० सेटमागे ३ काँटॅमिनेट होतात, म्हणजे ३ टक्के, आणि ही कित्येक वर्षं मान्य असलेली वरची मर्यादा आहे. दोन सेट वेगवेगळे नीट काढले तर दोन्ही काँटॅमिनेट व्हायची शक्यता ३ टक्क्यांचे ३ टक्के, म्हणजे १०,००० मधे ९. त्यातही दोन्हीकडे तोच जंतू यायला हवा, म्हणजे अजून कमी. प्रत्यक्षात हात तोच, अँटिसेप्टिक तेच, म्हणून हिशेब इतका स्वच्छ बसत नाही, पण दुसरा सेट काय करतो ते यातून कळतं. आणि ३ टक्के ऐकायला छोटं वाटत असेल तर असं बघा की १०० सेटमधे खरं इन्फेक्शन समजा ८ मधे सापडलं, तर एकूण ११ पॉझिटिव्हमधे ३ खोटे, चौथाईच्या वर. आता नीट पद्धत पाळणाऱ्या हॉस्पिटलांनी १ टक्क्यापर्यंत खाली यावं असं सांगितलं जातंय, आणि ते जमतं.

रक्त किती घेतलं यालाही तितकंच महत्त्व आहे. मोठ्या माणसात खरं बॅक्टेरिमिया (रक्तात जंतू असणं) असतानासुद्धा अनेकदा एका मिलीत एखाद-दुसरा जंतू असतो, कधी तोही नसतो. ३ मिली घेऊन बॉटल पाठवली तर खरा जंतू निसटतो आणि कातडीवरचा मात्र तेवढाच येतो, म्हणजे दोन्ही बाजूंनी नुकसान. बॉटलवर किती भरायचं याची खूण असते, रक्त घेण्याआधी पेनने रेघ मारून ठेवा. खूप जास्तही भरू नका. लॅबमधे बॉटल ज्या मशीनमधे ठेवतात ते जंतूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड ओळखतं, पण पेशंटच्या पांढऱ्या पेशीसुद्धा तो सोडतात, त्यामुळे जास्त भरलेली बॉटल किंवा खूप वाढलेला काउंट असेल तर मशीन पॉझिटिव्ह म्हणतं आणि ग्रॅम स्टेनमधे (रंग लावून मायक्रोस्कोपखाली बघतात त्यात) काहीच दिसत नाही.

आता प्रत्यक्ष प्रिक. हे जरा सावकाश सांगतो कारण सगळा खेळ इथेच आहे. आधी शीर शोधा, टूर्निकेट लावून बोटाने चाचपून नक्की करा, मग टूर्निकेट सैल करा. बॉटलची प्लास्टिकची टोपी काढा. टोपीखालचं रबर स्टेराइल असतं असा खूप जणांचा समज आहे, तो चुकीचा आहे, ते ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासून पुसायचं आणि वाळू द्यायचं. रबरावर आयोडीन लावू नका, त्याने रबर खराब होऊ शकतं. मग हात धुवा, ग्लोव्ह घाला. कातडीला ७० टक्के अल्कोहोलमधलं २ टक्के क्लोरहेक्सिडिन, निदान ३० सेकंद पुढे-मागे घासून, आणि मग आपोआप वाळेपर्यंत थांबायचं, अजून ३० सेकंद तरी. पोव्हिडोन आयोडीन वापरत असाल तर त्याला दीड ते दोन मिनिटं लागतात. फुंकर मारायची नाही, गॉझने पुसून काढायचं नाही, हाताने वारा घालायचा नाही. अँटिसेप्टिक ओलं असताना सुई घातली तर त्याचं काम अजून झालेलंच नसतं. आणि साफ केल्यावर परत बोट लावून शीर चाचपायची नाही. हे शेवटचं सगळ्यात जास्त मोडलं जातं, पेशंट थरथरतोय, शीर हलली, बोट आपोआप जातं. लावावंच लागलं तर स्टेराइल ग्लोव्ह घाला, किंवा परत पहिल्यापासून साफ करा.

नीट साफ केलं तरी कातडीच्या खोल थरात, केसांच्या मुळाशी, ग्रंथींमधे थोडे जंतू राहतातच, तिथे अँटिसेप्टिक पोचत नाही. सुई आत जाताना कातडीचा बारीकसा तुकडाही कापून नेते आणि तो पहिल्या रक्ताबरोबर बाहेर येतो. म्हणून पहिलं १ ते २ मिली रक्त बाजूला काढून मग बॉटल भरली तर काँटॅमिनेशन चांगलंच कमी होतं. त्यासाठी तयार डायव्हर्जन किट मिळतात. किट नसेल तर दुसऱ्या साध्या ट्यूबमधे आधी रक्त घ्यायचा मोह होतो, पण त्यात धोका आहे, कारण सगळ्या ट्यूब आतून स्टेराइल असतीलच असं नाही आणि त्यातलं उलटं सुईत आलं तर नवीनच जंतू कल्चरमधे जातो. तुमच्या लॅबने अमुक स्टेराइल ट्यूब चालेल असं स्पष्ट सांगितलं असेल तरच ते करा, नाहीतर ब्लड कल्चर सगळ्यात पहिलं, बाकी ट्यूब नंतर.

बटरफ्लाय सुईने (नळी जोडलेली सुई) थेट घेत असाल तर एरोबिक बॉटल आधी, कारण नळीतली हवा त्यात गेली तर चालते. सिरिंजने घेतलं असेल तर अ‍ॅनएरोबिक आधी, हवा वर राहते. रक्त कमी मिळालं तर एरोबिक बॉटल आधी पूर्ण भरा. जुन्या पद्धतीत बॉटलमधे टोचायच्या आधी सुई बदलायचे, त्याने काँटॅमिनेशन थोडं कमी होतं पण सुई स्वतःला टोचायचा धोका वाढतो, त्यामुळे आता ते सांगत नाहीत.

लेबलवर प्रिकची जागा आणि वेळ लिहा. "उजवा हात, १०:४०" आणि "डावा हात, १०:५०" एवढं लिहिलं तरी दोन दिवसांनी रिपोर्ट वाचणाऱ्याचं अर्धं काम झालेलं असतं. दोन्ही सेट लागोपाठ घेतले तरी चालतात, ताप चढायची वाट बघायची गरज नाही. अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी घ्या, पण पेशंट शॉकमधे असेल तर कल्चरपायी अँटिबायोटिक लांबवू नका.

आधीपासून असलेल्या कॅन्युलातून किंवा सेंट्रल लाइनमधून सोय म्हणून कल्चर घेऊ नका. लाइनच्या हबवर (बाहेरच्या जोडणीच्या तोंडावर) जंतू बसलेले असतात, काँटॅमिनेशन वाढतं आणि नंतर कोणालाच सांगता येत नाही की हे हबचं की रक्तातलं. लाइनचंच इन्फेक्शन शोधायचं असेल तर लाइनमधून एक आणि बाहेरच्या शिरेतून एक अशी जोडी एकाच वेळी घ्या, लाइनमधून घ्यायच्या आधी नीडललेस कनेक्टर बदला, आणि दोन्हीकडे सारखंच रक्त भरा. मांडीतून काढलेल्या प्रिकवरही भरवसा कमी, तिथे आतड्यातले जंतू कातडीवर असतात.

रिपोर्ट आला, आता नाव वाचा

काही जंतू असे आहेत की एका बॉटलमधे एकदा आले तरी खरेच धरायचे. स्टॅफ ऑरियस, न्यूमोकोकस, ग्रुप ए स्ट्रेप, ई. कोलाय, क्लेबसिएला आणि त्यांचं सगळं कुटुंब, टायफॉइडचा साल्मोनेला, स्यूडोमोनास एरुजिनोसा, मेनिंगोकोकस, लिस्टेरिया, बॅक्टेरॉइडिस, आणि कँडिडा. स्टॅफ ऑरियसच्या बाबतीत "एकाच बॉटलमधे आलाय, परत पाठवू, निगेटिव्ह आलं तर सोडू" हा विचार फार धोकादायक आहे. तो मधेच एक दिवस निगेटिव्ह येऊन परत पॉझिटिव्ह येऊ शकतो, म्हणून नंतरचं निगेटिव्ह कल्चर पहिल्याला खोटं ठरवत नाही. औषध सुरू करा, कुठून आला ते शोधा, इको (हृदयाची सोनोग्राफी) करा, आणि क्लिअर होईपर्यंत दर २४ ते ४८ तासांनी कल्चर घेत राहा. कँडिडाचंही तसंच, लाइनमधे कॉलनायझेशन (इन्फेक्शनशिवाय नुसतं वास्तव्य) असेल असं म्हणून सोडून द्यायचा नाही, उपचार, लाइनचा विचार आणि डोळ्यांची तपासणी हे सगळं आलं.

दुसऱ्या टोकाला कातडीवर राहणारे. कॉन्स, त्यात स्टॅफ एपिडर्मिडिस सगळ्यात जास्त, कोरिनेबॅक्टेरियम म्हणजे डिप्थेरॉइड्स, मायक्रोकॉकस, क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस जो आधी प्रोपिओनिबॅक्टेरियम होता, आणि अँथ्रॅक्स सोडून बाकीचे बॅसिलस. हे एका सेटमधे आले आणि दुसरा सेट स्वच्छ असेल तर बहुतेक वेळा काँटॅमिनेशनच. बहुतेक वेळा, प्रत्येक वेळा नाही. स्टॅफ लुगडुनेन्सिस हा कॉन्समधलाच असून ऑरियससारखा वागतो, चांगले व्हॉल्व्हसुद्धा खाऊन टाकतो, म्हणून लॅब नुसतं "कॉन्स" लिहून थांबली असेल तर स्पीशीज विचारा. आता जंतू ओळखणारं माल्डी-टॉफ मशीन आहे, नाव लगेच सांगतात. बॅसिलस सेरियस लाइन असलेल्या, न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) संपलेल्या पेशंटमधे, नवजात बाळात किंवा इंजेक्शनने ड्रग घेणाऱ्यात खरा असू शकतो. कोरिनेबॅक्टेरियम जेकियम तसाच, लाइन आणि न्यूट्रोपेनियावाला (न्यूट्रोफिल कमी असलेल्यांमधला). क्युटिबॅक्टेरियम मेंदूतल्या शंट, खांद्याचा कृत्रिम सांधा, कृत्रिम व्हॉल्व्ह यांच्यात खरा निघतो, आणि तो इतका सावकाश वाढतो की नेहमीच्या ५ दिवसांत दिसेलच असं नाही. असा पेशंट असेल तर लॅबला आधीच सांगा, बॉटल जास्त दिवस ठेवतील.

मधल्या गटात खरी अडचण आहे. व्हिरिडन्स स्ट्रेप तोंडातले, एका बॉटलमधे आले तर काँटॅमिनेशन असू शकतं, पण केमोथेरपीने तोंड सोललेल्या पेशंटमधे तेच जीवघेणे, आणि दोन-तीन सेटमधे तेच आले तर एंडोकार्डायटिस (हृदयाच्या आतल्या अस्तराचं, व्हॉल्व्हचं इन्फेक्शन) नाही हे सिद्ध होईपर्यंत तोच धरायचा. एंटरोकॉकस बहुतेकदा खरा असतो, पण एका बॉटलमधे आणि कुठलाच सोर्स सापडत नसेल तर परत विचार करा. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स कधी कधी खोटा, पण क्लॉस्ट्रिडियम सेप्टिकम आला तर एकाच बॉटलमधे का असेना, मोठ्या आतड्यात कॅन्सर शोधा. स्ट्रेप गॅलोलिटिकस आला तरी कोलोनोस्कोपीचा विषय काढाच.

एक सावधगिरीची गोष्ट. ब्रुसेला ग्रॅम स्टेनवर इतका बारीक आणि फिका दिसतो की कोणी त्याला भलतंच काहीतरी समजून बाजूला टाकू शकतं. पेशंटला अनेक आठवडे ताप आहे, जनावरांशी किंवा कच्च्या दुधाशी संबंध आहे, हे लॅबला कळवा. कल्चर उघडून हाताळणाऱ्या लॅबमधल्या माणसालाही त्याची लागण होते, म्हणून ही माहिती त्यांच्यासाठीसुद्धा आहे.

किती तासांनी वाढलं

बॉटलमधे जंतू जास्त असतील तर मशीन लवकर वाजतं, म्हणजे पॉझिटिव्ह असल्याचा इशारा देतं. ई. कोलाय, स्टॅफ ऑरियस बहुधा पहिल्या १२ ते २४ तासांत. काँटॅमिनेशनमधे मूठभर जंतू गेलेले असतात म्हणून कॉन्स साधारण दिवस उलटल्यावर वाजतो. पण यावर एकट्यावर निर्णय घेऊ नका, दोघांची वेळ एकमेकांत मिसळते. पेशंट आधीच अँटिबायोटिकवर असेल तर खरा जंतूही उशिरा येतो, आणि बॉटल रात्रभर वॉर्डातच पडून सकाळी मशीनमधे गेली असेल तर मशीनमधली वेळ काहीच सांगत नाही. लॅबला विचारताना "किती तासांनी वाजलं" बरोबर "तुमच्याकडे किती वाजता पोचलं" हेही विचारा.

वेळेचा खरा उपयोग लाइनच्या जोडीत होतो. लाइनमधलं कल्चर बाहेरच्या शिरेतल्यापेक्षा २ तास किंवा जास्त आधी वाजलं आणि दोन्हीकडे तोच जंतू असेल तर इन्फेक्शन लाइनमधलं. फक्त दोन्ही एकाच वेळी काढलेले, सारखे भरलेले आणि एकाच वेळी मशीनमधे गेलेले हवेत, नाहीतर त्या २ तासांना अर्थ नाही.

पेशंटकडे परत जा

दोन पेशंट डोळ्यांसमोर आणा. पहिला साठीचा माणूस, न्यूमोनियाने अ‍ॅडमिट, शरीरात कुठलंही उपकरण नाही, दोन सेट पाठवले. डाव्या हाताच्या एरोबिक बॉटलमधे ३१ तासांनी स्टॅफ एपिडर्मिडिस, बाकी तीन बॉटल ५ दिवस स्वच्छ. तोपर्यंत न्यूमोनियाच्या औषधानेच ताप उतरलाय, जेवतोय. हे काँटॅमिनेशन. व्हॅन्कोमायसिन सुरू केलं असेल तर बंद करा.

दुसरी डायलिसिसवरची बाई, गळ्यात टनेल कॅथेटर (डायलिसिससाठी कातडीखालून बसवलेली लाइन). डायलिसिस सुरू झालं की अर्ध्या तासात दात वाजतील अशी हुडहुडी भरते, आणि घरी गेली की बरी. कॅथेटरमधलं कल्चर ११ तासांनी, हातातलं १५ तासांनी, दोन्हीत स्टॅफ एपिडर्मिडिस, सेन्सिटिव्हिटी (कुठलं औषध लागू पडतं ते) तंतोतंत सारखी. नाव तेच जे पहिल्या माणसात होतं, पण इथे सगळंच खरं आहे, कॅथेटरचं इन्फेक्शन आहे, औषध आणि कॅथेटरचं काय करायचं याचा निर्णय आजच हवा. कोणी नुसतं नाव वाचून "कॉन्स, इग्नोर" लिहिलं तर ही बाई पुढच्या डायलिसिसला परत थरथरत येणार.

म्हणून पेशंटकडे जाऊन विचारा आणि बघा: थंडी वाजून अंग थरथरलं का (साध्या तापापेक्षा खरी हुडहुडी बॅक्टेरिमियाकडे जास्त बोट दाखवते), बीपी कसं आहे, लाइन आहे का आणि तिच्या तोंडाशी लाली-पू आहे का, कृत्रिम व्हॉल्व्ह, पेसमेकर, सांधा, ग्राफ्ट, शंट काही बसवलंय का, न्यूट्रोफिल किती, हृदयात नवीन मर्मर (जादा आवाज) आहे का, आणि तापाचं दुसरं समाधानकारक कारण आहे का. शरीरात कृत्रिम काही असेल तर कातडीवरच्या जंतूला मी कधीच पटकन सोडत नाही, कारण त्या प्लास्टिक-धातूवर थर करून चिकटून राहणं हेच तर त्यांना सगळ्यात छान जमतं. रक्तातलं प्रोकॅल्सिटोनिन (बॅक्टेरियाच्या इन्फेक्शनमधे वाढणारा घटक) कमी असेल तर काँटॅमिनेशनच्या बाजूने थोडं वजन पडतं, त्यापलीकडे त्याच्यावर विसंबू नका.

दोन सेटमधे कॉन्स आले तर ते खरंच एकच आहेत का तेही बघा. एकात स्टॅफ एपिडर्मिडिस आणि दुसऱ्यात स्टॅफ होमिनिस असेल तर दोनदा काँटॅमिनेशन झालंय ही शक्यता जास्त. नाव एकच पण एक ऑक्सासिलिनला सेन्सिटिव्ह आणि दुसरा रेझिस्टंट, तरीही तसंच. एकाच बॉटलमधे कातडीवरचे दोन-तीन प्रकार एकदम वाढले तर तेही बहुधा काँटॅमिनेशन.

रात्री दोन वाजता फक्त ग्रॅम स्टेन हातात असताना

क्लस्टर म्हणजे स्टॅफ, पण ऑरियस की कॉन्स हे स्टेनवरून कळत नाही. लॅबमधे पीसीआर असेल तर तासा-दोन तासात ऑरियस आहे का आणि मेक-ए (ऑक्सासिलिनला रेझिस्टंट करणारं) जीन आहे का कळतं. नसेल तर ट्यूब कोअ‍ॅग्युलेज ४ तासांनी बघतात, निगेटिव्ह असेल तर २४ तासांनी परत. तोपर्यंत काय? पेशंट अस्थिर असेल, लाइन किंवा कृत्रिम काही असेल, न्यूट्रोपेनिया असेल, किंवा दोन्ही सेट वाजले असतील, तर आधी दोन नवीन सेट काढा आणि लगेच औषध सुरू करा. पेशंट स्थिर आहे, काही बसवलेलं नाही, एकच बॉटल वाजलीय, तर नवीन दोन सेट काढून नावाची वाट बघणं योग्य आहे, पण वाट बघणं म्हणजे झोपणं नव्हे, दर थोड्या वेळाने पेशंट बघून यायचा. "आधी दोन सेट" यातलं "आधी" फार महत्त्वाचं. व्हॅन्कोमायसिनचा डोस गेल्यावर काढलेलं कल्चर निगेटिव्ह आलं तर त्यावरून पहिलं खोटं होतं असं म्हणता येत नाही, आणि मग सगळे अडकतात, ना औषध बंद करायची हिंमत ना चालू ठेवायला कारण.

पहिल्यांदा एकच सेट पाठवला असेल आणि त्यात कॉन्स आला असेल तरी मार्ग हाच, लगेच दोन सेट परत.

नवजात बाळांचं वेगळं आहे. तिथे दोन सेट मिळणं अवघड, रक्तच कमी, तरी निदान १ मिली तरी घ्या, आणि एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत) लाइनवर असलेल्या बाळांमधे उशिरा होणाऱ्या सेप्सिसचं कारण अनेकदा कॉन्सच असतं. त्यामुळे मोठ्यांचा नियम तसाच्या तसा लावून बाळाचा कॉन्स उडवून लावू नका. अ‍ॅप्निया, हृदयाचे ठोके मंद होणं, अंग गार पडणं, दूध न पचणं ही लक्षणं बघून ठरवा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाला तर नक्कीच, क्लोरहेक्सिडिनने कातडी भाजू शकते, तिथे तुमच्या युनिटचं ठरलेलं अँटिसेप्टिक वापरा.

एकाच आठवड्यात बऱ्याच जणांचं तेच आलं तर

वॉर्डात तीन-चार पेशंटमधे एकदम बर्कहोल्डेरिया सेपेशिया किंवा राल्स्टोनियासारखा ओला राहायला आवडणारा जंतू आला आणि पेशंट तर फारसे आजारी दिसत नाहीत, तर पेशंटवर औषधं ओतायच्या आधी अँटिसेप्टिकची बाटली, कापसाचा डबा, सलाइन हे तपासायला पाठवा. अँटिसेप्टिकमधेच जंतू जगतो हे ऐकायला विचित्र वाटतं पण १९८० च्या सुमाराला अमेरिकेत पोव्हिडोन आयोडीनमधेच हा जंतू (तेव्हा त्याचं नाव स्यूडोमोनास सेपेशिया होतं) निघाला होता आणि कितीतरी पेशंटची कल्चर त्यामुळे खोटी पॉझिटिव्ह आली होती. मात्र तोच द्रव कोणाच्या शिरेत गेला असेल तर इन्फेक्शन खरंही असू शकतं, दोन्ही शक्यता उघड्या ठेवा आणि इन्फेक्शन कंट्रोलला त्याच दिवशी कळवा.

लॅबवाल्यांनाही एक विनंती. एका सेटमधे आलेल्या कॉन्सची पूर्ण सेन्सिटिव्हिटी छापून पाठवू नका. १२ अँटिबायोटिकची यादी दिसली की वाचणाऱ्याला वाटतं यातलं एक द्यायलाच हवं. "एका सेटमधे, बहुधा काँटॅमिनेशन, क्लिनिकली जुळत असेल तर फोन करा, आयसोलेट (वाढवलेला जंतू) ठेवलेला आहे" एवढी ओळ जास्त कामाची. किती सेट आले, किती पॉझिटिव्ह, कुठल्या जागेचे, किती तासांनी, हे रिपोर्टवरच आलं तर फोनची गरजही निम्मी होईल. वॉर्डवाल्यांनीही नुसता रिपोर्ट न वाचता एकदा लॅबशी बोलावं, तिथे बसलेल्या माणसाला बॉटल अर्धवट भरलेली होती का, लेबलवर वेळ होती का, अशा कागदावर न आलेल्या बऱ्याच गोष्टी माहीत असतात.

आणि काँटॅमिनेशन ठरवलं तर ते केसपेपरवर कारणासकट लिहा: "१ सेट २ पैकी, ३१ तास, स्टॅफ एपिडर्मिडिस, उपकरण नाही, ताप उतरला, दुसरं कारण सापडलं, रिपीट निगेटिव्ह, व्हॅन्कोमायसिन बंद." नाहीतर रात्रीचा डॉक्टर तोच लाल रिपोर्ट बघून औषध परत सुरू करतो. पेशंटच्या माणसांना कोणी आधीच "रक्तात इन्फेक्शन झालंय" सांगून ठेवलं असेल तर त्यांनाही बसवून सांगा की तो कातडीवरचा जंतू होता. डिस्चार्ज कार्डावर "बॅक्टेरिमिया" राहिलेलं नाही ना तेही बघा, नाहीतर पुढच्या अ‍ॅडमिशनला कोणीतरी तेवढ्यावरून परत व्हॅन्कोमायसिन लिहील.